होस्टेल, रूममेट आणि रात्रीची गोळी

प्रश्न: डॉक्टर, मी १९ वर्षांचा आहे, एचआयव्ही मला जन्मापासूनच आहे. घरी होतो तोवर रात्री जेवण झालं की आई गोळी हातावर ठेवायची, मला काही लक्षात ठेवावंच लागायचं नाही. आता होस्टेलला रूममध्ये आम्ही तिघं, कुणालाच माहीत नाही, सगळे जागे असले की गोळी काढायची हिंमत होत नाही आणि मग राहूनच जाते. परीक्षेच्या आठवड्यात तर सलग राहिल्या. त्रास काहीच झाला नाही, मग चालतं का असं? गोळी डोलुटेग्रॅव्हिरवालीच आहे. जिम लावल्यापासून कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही घेतोय. आणि एक मुलगी आवडते, तिचं काय करू?

उत्तर: नाही रे, चालत नाही. त्रास झाला नाही म्हणूनच मला काळजी वाटतेय, कारण गोळ्या चुकल्या की व्हायरस आतल्या आत वाढायला लागतो, ते बाहेरून कळतच नाही, आणि रक्तात औषध अर्धवट राहिलं तर तो त्या औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. म्हणून आजपासून गोळी सुरू कर आणि पुढच्या तारखेची वाट न बघता एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, फोन करून सलग डोस चुकलेत हे सरळ सांग, व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ही तपासणी, कधी करायची ते तेच ठरवतील. ओरडतील म्हणून लपवू नकोस.

आता मुख्य गोष्ट. गोळी रात्रीच घ्यायची असं कुणी सांगितलंय? डोलुटेग्रॅव्हिर सकाळी, दुपारी कधीही चालते, पोटात काही असो नसो, फक्त वेळ रोजची एकच ठेव. रूममध्ये जमत नसेल तर सकाळी बाहेर पडल्यावर घे, कॉलेजच्या बॅगेत छोटी डबी ठेव. पण त्यात दोन-चार दिवसांच्याच गोळ्या काढ, बाकीच्या मूळ बाटलीतच राहू देत, ओलाव्याने खराब होतात. एखादी विसरलीच तर आठवेल तेव्हा घे, फक्त पुढच्या डोसला ४ तासांपेक्षा कमी उरले असतील तर सोडून दे, दोन एकदम कधीच नाही.

रूममेटना सांगायलाच पाहिजे असं अजिबात नाही. एका ताटात जेवून, एका बाथरूममुळे एचआयव्ही पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश मात्र आपापला. पण एकट्याने सगळं ओढणं फार जड जातं, तेव्हा भरवशाचा एक तरी माणूस असू दे, आईला रोज एक मेसेज टाकलास तरी पुष्कळ.

कॅल्शियम, लोह हे जेवणाबरोबर घेणार असशील तर ही गोळीही त्याच जेवणाबरोबर चालेल. रिकाम्या पोटी असेल तर ही गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. अ‍ॅसिडिटीच्या अँटासिडला मात्र जेवणाची सवलत नाही, तिथे २ आणि ६ तासांचं अंतर पाळायचंच.

आणि ती मुलगी. आवडते तर बोल ना तिच्याशी! २०१६ मध्ये पार्टनर नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात ८८८ जोडपी होती, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, एचआयव्ही असलेल्याचा व्हायरल लोड औषधांमुळे एक मिलीलिटर रक्तात २०० च्या खाली, कंडोमशिवाय संबंध, आणि जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. तुझे डोस मात्र आत्ताच चुकलेत, त्यामुळे व्हायरल लोड परत खाली आलाय हे रिपोर्टमध्ये दिसेपर्यंत कंडोम हवाच, आणि संबंधांपर्यंत गोष्ट जाण्याआधी तिला तुझ्या तोंडून कळू दे.