अ‍ॅस्ट्रोसाइटना (मेंदूतल्या ग्लिया प्रकारच्या आधारपेशींना) डीएमईएम/एफ12 मीडियममध्ये (पोषक द्रवात) ग्लुटामेट हा मेंदूतला संदेशवाहक दिला तरी जीएलटी-1 चा (ग्लुटामेट आत ओढणाऱ्या ट्रान्सपोर्टरचा) एमआरएनए हलत नाही. ग्लियामध्ये ग्लुटामेट रिसेप्टर जीन्सवर खरंच परिणाम करतात का?

करतात. पण तुम्ही लिहिलंय तसं मीडियम बदलून 100 मायक्रोमोलर ग्लुटामेट घालायचं आणि 24 तासांनी एकदाच क्यूपीसीआर (एमआरएनए मोजण्याची चाचणी) लावायचं, यातून ते दिसणार नाही. ग्लुटामेट आत ओढणं हे अ‍ॅस्ट्रोसाइटचं कामच आहे. दाट भरलेला थर तुमचा डोस काही तासांत फस्त करतो.

शिवाय जीएलटी-1 ला दोन रिसेप्टर उलट दिशांना ओढतात. पहिल्या गटातला एमग्लूआर5 हा जीक्यू प्रोटीनमार्गे कॅल्शियम आणि पीकेसी, ईआरके ही एन्झाइमं चालू करतो. दुसऱ्या गटातला एमग्लूआर3 जीआय प्रोटीनमार्गे जातो. मानवी अ‍ॅस्ट्रोसाइटच्या कल्चरमध्ये पहिल्या गटाचा अ‍ॅगोनिस्ट (रिसेप्टर चालू करणारं औषध) हा ट्रान्सपोर्टर कमी करतो, दुसऱ्याचा वाढवतो. ग्लुटामेट दोघांनाही चालू करतं, मग बेरीज शून्य आली तर नवल काय? डीएचपीजी (पहिल्या गटासाठी) आणि एलवाय379268 (दुसऱ्या गटासाठी) वेगवेगळ्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खणांत) द्या. डीएचपीजीचा परिणाम एमपीईपीने (एमग्लूआर5 रोखणाऱ्या औषधाने) पुसला गेला, तरच एमग्लूआर5 चं नाव घ्या.

आता मीडियम बदलण्याबद्दल, कारण बहुतेक निकाल इथेच नासतात. ताजं सीरम फॉस (पेशी चेतावली की लगेच जागा होणारा जीन) उसळवतं हे 1984 पासून माहीत आहे. नुसत्या ओतण्या-काढण्यानेही तो हलतो. तरीही ‘ग्लुटामेटने फॉस वाढवला’ असे आलेख येतच राहतात, आणि कंट्रोल म्हणून हातही न लावलेली वेल! वर तुमचं डीएमईएम/एफ12. त्यात मुळातच सुमारे 50 मायक्रोमोलर ग्लुटामेट असतं, नॉन-इसेन्शियल अमिनो अ‍ॅसिड घातलीत तर आणखी 100. म्हणजे कंट्रोललाही तुम्ही ग्लुटामेटच पाजत होता.

साधं डीएमईएम घ्या, त्यात ग्लुटामेट नसतं. आदल्या दिवशीच सीरम काढा आणि मग प्लेटला हात लावू नका. 1 मिलिलिटरच्या वेलमध्ये 10 मिलिमोलर स्टॉकचे 10 मायक्रोलिटर, कोमट करून, कडेने सोडा. कंट्रोललाही तेवढंच व्हेइकल (ग्लुटामेटशिवायचं तेच द्रावण). स्टॉक मोनोसोडियम ग्लुटामेटचा करा, मुक्त आम्लाने पीएच घसरतो. क्रेबचं (जीन चालू करणाऱ्या प्रोटीनचं) सेरीन 133 वरचं फॉस्फोरिलेशन 5 ते 15 मिनिटांत बघा, फॉसचा एमआरएनए 30 ते 60 मिनिटांत, जीएलटी-1 साठी 6 आणि 24 तास. फॉस 24 तासांनी शोधणं म्हणजे वरात गेल्यावर दारात उभं राहणं.

डी-अ‍ॅस्पार्टेटची एक वेल हवीच; ते ट्रान्सपोर्टरमधून आत जातं, पण एमग्लूआर चालू करत नाही. ट्रान्सपोर्टर दर ग्लुटामेटमागे तीन सोडियम आत आणतो. त्यामुळे सोडियम-कॅल्शियम एक्सचेंजर उलटा फिरून, रिसेप्टरशिवायही कॅल्शियम वाढू शकतं. डी-अ‍ॅस्पार्टेटनेही तोच बदल आला तर ‘रिसेप्टर सिग्नलिंग’ हे शब्द शीर्षकातून काढा. रिव्ह्यूअरने हे मागितलं की लोक चिडतात; माझ्या मते मागणी रास्त आहे.

न्यूरॉन नसलेल्या कल्चरमध्ये जीएलटी-1 मुळातच कमी असतो, तेव्हा आधी सीटी (क्यूपीसीआरमध्ये सिग्नल दिसू लागतो ते चक्र) किती येतो ते बघा. डायब्युटिरिल सायक्लिक एएमपीने तो वर येतो, पण ते क्रेबलाही ढकलतं.

प्रयोगाची ही सगळी आखणी नवजात उंदरांच्या कॉर्टेक्समधल्या अ‍ॅस्ट्रोसाइटपुरतं. प्रौढ उंदरात एमग्लूआर5 जवळपास मावळलेला असतो, एमग्लूआर3 टिकतो. सेरेबेलममधल्या बर्गमन ग्लियाची गोष्ट आणखी वेगळी: तिथे कॅल्शियम आत सोडणारे एएमपीए रिसेप्टर असतात, त्यामुळे पॅनेलमध्ये एनबीक्यूएक्सही (एएमपीए रिसेप्टर रोखणारं औषध) लागेल.