'लॅटिनो' म्हणजे लॅटिन अमेरिकन का?

प्रश्न असा आहे : एका लेखात गार्सिया मार्क्वेझला 'लॅटिनो लेखक' म्हटलंय, ते बरोबर आहे का? आणि 'हिस्पॅनिक', 'चिकानो' हे त्याचेच प्रतिशब्द का?

मार्क्वेझ कोलंबियाचा, त्याला लॅटिन अमेरिकनच म्हणावं. 'लॅटिनो' हे 'लातिनोआमेरिकानो'चं आखूड रूप खरं, पण इंग्रजीत तो शब्द मुख्यतः अमेरिकेतल्या, म्हणजे संयुक्त संस्थानांतल्या, लॅटिन अमेरिकी मुळांच्या लोकांसाठी रुळला. मेक्सिकन मुळांची सँड्रा सिस्नेरोस १९५४ साली शिकागोत जन्मली, इंग्रजीत लिहिते. ती अमेरिकन लेखिका आहे आणि लॅटिनाही. (हो, लॅटिना. स्पॅनिशमधला शेवटचा 'ओ' पुल्लिंगी, त्यामुळे 'लॅटिनो लेखिका' माझ्या कानाला खटकतं.)

'हिस्पॅनिक'चा संबंध स्पॅनिश भाषेशी. मूळ शब्द 'हिस्पानिया', आयबेरियाचं, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पाचं, रोमन नाव. म्हणून स्पेनचा माणूस हिस्पॅनिक, पण सहसा लॅटिनो नाही. पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझिली माणसाचं नेमकं उलट. 'हिस्पॅनिक' हा शब्द अमेरिकेच्या सरकारी कागदांमुळे पसरला. १९८०च्या जनगणनेत तो होता, 'लॅटिनो' २०००मध्ये आला.

'चिकानो' मात्र लोकांनी स्वतः उचललेला शब्द. जुन्या उच्चारात 'मेक्सिकानो'चा 'क्स' हा 'श' होता. त्या 'मेशिकानो'तून तो आला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. गरीब मेक्सिकन-अमेरिकनांना हिणवण्यासाठी तो वापरत. १९६०च्या दशकातल्या त्यांच्या हक्कांच्या चळवळीने तोच अभिमानाने मिरवला. मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या १८४८च्या तहानंतर मेक्सिकोचा मोठा प्रदेश अमेरिकेत गेला, तिथली माणसं होती तिथेच राहिली. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आमच्यावरून गेली', असं चिकानो म्हणतात ते यामुळे.

टेक्सासच्या सीमेवर वाढलेली चिकाना लेखिका ग्लोरिया आन्झाल्दुआ हिला शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलली म्हणून बोटांवर पट्टीचे फटके बसले होते. १९८७च्या 'बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा' या पुस्तकात ती वाक्याच्या मध्येच इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाते आणि पुष्कळदा अर्थ सांगत नाही. ज्या भाषेसाठी मार खाल्ला, ती तिने अमेरिकन साहित्यात परवानगी न मागता आणून बसवली. इंग्रजी वाचकाने थोडं अडखळावं, हे तिला हवंच होतं. म्हणून अशा लेखनाचं मराठी करताना स्पॅनिश शब्द स्पॅनिशच ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही भाषांचं सरसकट मराठी केलं, की पानावरची ती सीमाच पुसली जाते.