चरकाचा शाफ्ट कीवेपाशीच का तुटतो?

प्रश्न : रामराम. आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. या हंगामात चरकाचा शाफ्ट दोनदा तुटला, दोन्ही वेळा कीवेपाशीच, म्हणजे गिअर घट्ट धरणारी चावी बसते त्या खाचेपाशी. दुसरा तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं ईएन ८ जातीच्या पोलादाचा करून आणलेला. लेथवाला म्हणतो शाफ्ट पिळतोय. एवढं जाड पोलाद पिळतं कसं, आणि मोटरचा जोर या टोकापासनं त्या टोकाला जातो तरी कसा?

उत्तर : रामराम. ऐन हंगामात चरक बंद पडला की तोडून आणलेला ऊस वाळत पडतो, त्यामुळं तुमची घालमेल समजते.

शाफ्ट म्हणजे पातळ चकत्यांची एकमेकींना घट्ट चिकटलेली चळत आहे असं धरा. मोटरकडची चकती जरा फिरते, शेजारणीला ओढते, ती पुढचीला, असं करत जोर चरकापर्यंत पोचतो, आणि या ओढाताणीत प्रत्येक चकती आधीचीपेक्षा केसभर मागं राहते, तोच पीळ. ५० मिमीच्या एक मीटर शाफ्टला १००० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर) दिला तर तो साधारण सव्वा अंश पिळतो, जोर काढला की परत सरळ. पिळणं हा दोष नाहीच, पिळल्याशिवाय जोर पुढं जातच नाही. आणि ईएन २४ हे जास्त कणखर पोलाद घातलं तरी पीळ तेवढाच राहणार, तुटायची हद्द तेवढी वाढते.

आता जोर किती ते बघा. १० एचपीची १४४० आरपीएमची मोटर स्वतः ५० न्यूटन-मीटरच टॉर्क देते, पण गिअरनं वेग कमी होऊन चरक समजा मिनिटाला १० फेरे घेत असेल तर तोच टॉर्क, गिअरमध्ये वाया जाणारा जोर सोडून, ७००० च्या वर जातो. म्हणून मोटरचा शाफ्ट बारीक चालतो, चरकाचा नाही.

खरी गोम पुढं आहे. हा ताण सगळ्या पोलादावर सारखा नसतो, मध्यावर शून्य आणि कातडीवर सगळ्यात जास्त. मधनं निम्म्या व्यासाचं भोक पाडलं तर वजन २५ टक्के कमी होतं आणि ताकद फक्त ६ टक्क्यांच्या आसपास, ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट पोकळ असतो तो यामुळंच. आणि आपण कीवे काढतो तो नेमका या कातडीत! त्याचे तळाचे कोपरे काटकोनात धारदार सोडले की ताण तिथंच गोळा होतो आणि बारीक चीर सुरू होते, मग ईएन ८ असो नाहीतर आणखी काही.

लेथवाल्याला सांगा, कीवेच्या कोपऱ्यांना छोटा रेडियस (गोलाई) द्या आणि कीवे शाफ्टच्या पायरीला, म्हणजे जाडी बदलते तिथं, भिडवू नका. बेअरिंग बसत असेल तर शाफ्ट ६० मिमीचा असल्यास ७५ चा करा, ताकद जवळजवळ दुप्पट होते. कपलिंगला (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाला) शिअर पिन, म्हणजे जोर जास्त झाला की आधी तुटणारी पिन, घाला, म्हणजे उसाची मोळी अडकली तरी पिन जाईल, शाफ्ट वाचेल.

तुटलेला तुकडा मात्र भंगारात घालू नका. तुटलेल्या तोंडावर नदीकाठच्या वाळूसारख्या वळ्या दिसल्या तर चीर बरेच दिवस हळूहळू वाढत होती, मग कोपऱ्यांबरोबर बेअरिंगची लाइनही (ती एका रेषेत आहेत का) तपासा, कारण शाफ्ट फिरता फिरता वाकतही असणार. वळ्या नसतील आणि तोंड आडवं सपाट, घासल्यासारखं असेल तर एकाच झटक्यात गेलाय, म्हणजे ऊस जास्त कोंबला गेला.