जिवंत बायकोचा रकाना

"आमची मुलगी घरात गुणगुणत फिरते," ती सांगत होती. "या खोलीतून त्या खोलीत जायचं असलं तरी. गाणं वगैरे नाही, नुसतं हूं हूं. बाबांना कळावं ना, मी येतेय ते."

मुलगी नऊ वर्षांची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एकदा ती चवड्यांवर चालत पाठीमागून आली, वडील गर्रकन वळले आणि त्यांचं कोपर तिच्या गालावर बसलं. पुढचे दोन दिवस ते तिच्यासमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून गुणगुणणं सुरू झालं.

(ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

वडील युद्धावरून परतले त्याला सव्वा वर्ष झालं होतं. पहिले सात-आठ महिने बरे गेले. मग ते मुलीच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये झोपायला लागले. भिंतीला पाठ, पायात बूट. चिडचिड व्हायची, पण बायकोला जास्त भीती वाटायची ती त्यांच्या गप्प होऊन जाण्याची. मी समुपदेशक; तिचा प्रश्न मी सैनिकांच्या घरच्यांकडून वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा ऐकला आहे: "ह्यांच्यासाठी उपचार मागायचे, भरपाईचा अर्ज करायचा, म्हणजे ह्यांच्या मानाला बट्टा लावणंच नाही का? लोक म्हणतील, डोक्यावर परिणाम झालाय. आणि हे म्हणतात, मी भीक मागणार नाही."

तिच्या आग्रहाखातर ते एकदा आले. खुर्ची उचलून भिंतीशी नेली, दार दिसेल अशी ठेवली, मग बसले. मी तिथेच चुकले. "तुम्ही देशासाठी जे केलंत त्याचे आम्ही सगळेच ऋणी आहोत," असं काहीतरी बोलून गेले.

"टाळ्या पुष्कळ झाल्या, मॅडम," ते म्हणाले आणि उठले. भेट अकरा मिनिटांची. वहीत तशीच नोंद आहे.

त्यानंतर तीन आठवडे ती एकटीच येत राहिली. मग एके दिवशी तेही आले. या वेळी मी कौतुकाचा शब्द काढला नाही. झोप किती तास लागते, दारू किती होते, जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारलं. शेवटचा प्रश्न विचारायला घरचे घाबरतात, विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते यायचं म्हणून. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच पुष्कळांना हायसं वाटतं. ते म्हणाले, "वाटतं कधीकधी. करणार नाही. पण वाटतं." घरातलं परवान्याचं हत्यार त्याच आठवड्यात घराबाहेर, सुरक्षित ठिकाणी गेलं. बाकी सगळं त्यानंतर.

गाडीचं सांगायला आणखी दोन भेटी लागल्या. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून त्यांनी सोबत्याला जागा बदलायला सांगितली होती. स्फोट त्या बाजूला झाला. "तो गेला. माझ्या अंगावर ओरखडा नाही. फॉर्ममध्ये 'जखमेचे स्वरूप' असा रकाना आहे. तिथे काय लिहू? झोप येत नाही?"

"हो," मी म्हणाले, "तेच लिहा."

ते हसले. मग मी त्यांना थोडा इतिहास सांगितला. एरवी मी समुपदेशनात भाषण करत नाही, पण हे गृहस्थ नोंदी आणि तारखा मानणारे होते. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'द लॅन्सेट'मध्ये अशाच सैनिकांबद्दल लिहिलं आणि 'शेल शॉक' हा शब्द छापील झाला. असे रुग्ण इतके वाढले की 1917 मध्ये ब्रिटिश लष्कराने आघाडीवरच्या नोंदींतून तो शब्दच काढला आणि त्याजागी 'निदान अद्याप नाही' अशा अर्थाचा शेरा लिहायला लावला. शब्द गेला, माणसं तशीच राहिली. पळून गेले, भ्याडपणा केला, असल्या आरोपांखाली त्या युद्धात ज्यांना गोळ्या घातल्या त्यांतल्या 306 जणांना ब्रिटनने माफी दिली ती 2006 मध्ये. त्यांतले किती जण आजारी होते हे आता कोण सांगणार? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत पीटीएसडी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकार, आला 1980 साली, व्हिएतनामहून परतलेल्यांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं रेटा लावल्यावर. याच निदानात असंही नमूद आहे की काहींची लक्षणं पूर्ण उमटायला सहा महिने किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. तेव्हा परतताना तपासणीत 'तंदुरुस्त' असा शिक्का बसला, एवढ्यावरून पुढचं काहीच सिद्ध होत नाही.

युद्धावरून आलेल्या बहुतेकांना हा विकार होत नाही, हेही सांगते, नाहीतर प्रत्येक माजी सैनिकाकडे लोक धास्तीने बघू लागतात. ज्यांना होतो त्यांना उपचार आहेत. त्या प्रसंगावरच नेमकं काम करणाऱ्या मानसोपचार पद्धती आहेत, त्यांना साधारण तीनेक महिने लागतात, कुणाला जास्त. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात.

ते ऐकत होते, पण अर्जावर गाडी अडलीच. शेवटी मी विचारलं, "तुम्ही गेला असतात आणि तो वाचला असता. आज तो बूट घालून पॅसेजमध्ये झोपत असता. त्याला अर्ज करू दिला असता?"

त्यांना राग आला. तो स्पष्ट दिसला. बराच वेळ दाराकडे बघत राहिले. "मी स्वतः नेऊन दिला असता," म्हणाले. आणि त्या दिवशी पुढे काहीच बोलले नाहीत.

माझं मत विचाराल तर, सरकारांना सत्कार आवडतो कारण तो एका संध्याकाळी उरकतो. उपचार, पेन्शन, पुनर्वसन हा वर्षानुवर्षांचा खर्च. आणि आजारी माणसानेच आपण आजारी असल्याचा पुरावा गोळा करत हिंडायचं, ही त्यावरची कडी. युद्धावर पाठवताना कुणी त्याच्याकडे पुरावा मागितला नव्हता. म्हणून याला मी भीक म्हणत नाही. पाठवणाऱ्याने द्यायची ती बाकी आहे.

त्यांची बायको मात्र वेगळ्याच ठिकाणी अडली होती. अब्राहम लिंकन यांनी 4 मार्च 1865 च्या भाषणात राष्ट्राचं कर्तव्य सांगितलं होतं: ज्याने लढाई झेलली त्याची, त्याच्या विधवेची आणि त्याच्या अनाथ मुलाची काळजी घेणं. हे मी तिला सांगितलं, वाटलं धीर येईल. तिने क्षणभर विचार केला. "विधवा आहे, अनाथ आहे. मी कुठे आहे यात?"

मला उत्तर आलं नाही. दीडशे वर्षांहून जुन्या त्या वाक्यात जिवंत सैनिकाच्या जिवंत बायकोला खरंच जागा नाही. रात्री दोनला त्याला भानावर कोण आणतं? मुलीच्या शाळेत "बाबांना काम आहे" असं कोण सांगतं? तिचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं, ते कुठल्या नोंदीत येणार?

तिच्यासाठी आम्ही साध्या गोष्टी ठरवल्या. तो झोपेत दचकला तर अंगाला हात लावायचा नाही, हलवायचं नाही. दिवा लावायचा, लांब उभं राहून नावाने हाक मारायची, तू घरी आहेस असं सांगायचं. आठवड्यातून एक रात्र तिने बहिणीकडे झोपायचं आणि त्या रात्री त्याचा भाऊ घरी यायचा. याला ती सहजी तयार झाली नाही. तिला ते पळून जाण्यासारखं वाटत होतं.

अर्ज गेला. 'जखमेचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी निदान लिहिलं, आणि खाली गाडी, ऊन आणि जागा, चार ओळींत. पतीबद्दल पत्नीने काय लिहावं याला फॉर्ममध्ये जागाच नव्हती, म्हणून तिने वेगळा कागद जोडला. दोन्ही बाजू भरून.

पहिल्यांदा अर्ज परत आला, पुरावा अपुरा म्हणून. अपील केलं आहे. उपचार त्यासाठी थांबवले नाहीत. आठवड्यातल्या चार-पाच रात्री ते आता पलंगावर झोपतात. बूट पलंगाखाली असतात, हाताला लागतील असे.

मुलगी अजून गुणगुणते. आता गरज नाही असं आईने सांगितलं तिला. म्हणते, मला सवय झाली.