वाचकांचे प्रश्न : ही हाक देवाची की माझ्याच मनाची?

प्रश्न : मी पस्तिशीतला विवाहित गृहस्थ असून एका कंपनीत हिशेबाचे काम करतो. मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूलचा वर्ग घेतो आणि अधूनमधून उपासनेत संदेशही देतो. मागील वर्षी एका शिबिरात यशयाच्या सहाव्या अध्यायावरील प्रवचन ऐकत असताना ‘हा मी आहे, मला पाठव’ हे शब्द माझ्यासाठीच आहेत, असे तीव्रतेने जाणवले. तेव्हापासून नोकरीत मन लागत नाही. राजीनामा देऊन पूर्णवेळ सेवेत उतरावे असे वाटते. परंतु पत्नी राजी नाही आणि आमचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) ‘थोडे थांबा’ म्हणतात. माणसांचे ऐकून मी देवाची आज्ञा मोडत आहे का?

उत्तर : शिबिरातला आपला अनुभव खरा होता की नाही आणि आपण आता राजीनामा द्यावा की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आपण ते एकच धरून चालला आहात. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे ‘अद्याप नाही’ असे असू शकते. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पौलाला झालेल्या दर्शनाविषयी कोणी शंका घेत नाही. तरीही प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास व प्रार्थना करून, हात ठेवून, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांची रवानगी करते, तो प्रसंग त्या दर्शनानंतर कित्येक वर्षांनी घडलेला आहे. मधल्या काळात त्याच मंडळीत या दोघांनी वर्षभर शिक्षण दिले होते, म्हणजे ज्यांनी त्यांच्यावर हात ठेवले ते लोक त्यांना जवळून ओळखत होते. तिथे पवित्र आत्म्याची आज्ञादेखील एकट्या शौलाच्या कानात नव्हे, तर उपासना करीत असलेल्या मंडळीला मिळते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच ‘माणसांचे ऐकणे’ आणि ‘देवाचे ऐकणे’ यांना आपण जसे एकमेकांसमोर उभे केले आहे, तसे पवित्र शास्त्र नेहमीच करीत नाही. बालक शमुवेलाला परमेश्वराने हाक मारली तेव्हा ती त्याला ओळखता आली नाही; तो तीन वेळा याजक एलीकडे धावत गेला आणि हाक कोणाची हे अखेर एलीच्या ध्यानात आले. एली काही आदर्श याजक नव्हता, स्वतःच्या मुलांना त्याला आवरता आले नव्हते. तरीही त्या रात्री शमुवेलाला त्याची गरज होती. (आपले पाळक सावध किंवा अगदी निरुत्साही स्वभावाचे असतील, तरी एवढ्यावरून त्यांचा सल्ला बाद ठरत नाही.) ‘थांबा’ म्हणजे नेमके कशासाठी थांबायचे, हे मात्र त्यांना स्पष्ट विचारावे. ‘आपल्याला अजून अभ्यास हवा’, ‘आपला राग आवरत नाही’ किंवा ‘लोक आपल्याकडे दुःख घेऊन येत नाहीत’ असे काही उत्तर मिळाले, तर ते ऐकायला कठीण असले तरी त्यावर काम करता येते.

धर्मसुधारक कॅल्विन याने सेवकाच्या अंतरंगातील पाचारण (देवाची हाक) आणि मंडळीने दिलेले पाचारण असा भेद केला होता. अंतरंगातील पाचारणाची त्याची कसोटी भावनेच्या तीव्रतेची नव्हती. महत्त्वाकांक्षा किंवा लोभ यांतून नव्हे, तर देवाचे भय आणि मंडळीच्या उभारणीची इच्छा यांतून आपण हे पद स्वीकारीत आहोत, याची मनाला असलेली साक्ष म्हणजे ते पाचारण. या कसोटीवर आपले एक वाक्य मला अडखळवते : ‘नोकरीत मन लागत नाही.’ कंटाळा हे पाचारणाचे लक्षण नाही. पाळकाच्या कामातही हिशेब आहेत, न संपणाऱ्या बैठका आहेत, रुसवेफुगवे आहेत आणि ज्यांना आपण आवडत नाही अशा माणसांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसणे आहे. हे सर्व डोळ्यांसमोर ठेवूनही ओढ टिकते का, ते पाहावे. व्यासपीठावरून बोलण्याची ओढ असणारे पुष्कळ असतात. याकोबाने तर आपल्या पत्रात पुष्कळांनी शिक्षक होऊ नये असे बजावून, शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, असे कारणही दिले आहे.

पत्नीच्या नकाराला आपण अडथळा मानता. मी त्याला साक्ष मानेन. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, ज्याला स्वतःचे घर चालवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेणार, असा प्रश्न विचारला आहे. पाळकाचे अनियमित उत्पन्न, बदल्या आणि सदैव उघडे असलेले दार यांचा भार तिच्यावरही येणार आहे. तिला भीती पैशांची वाटते, मुलांच्या शिक्षणाची वाटते, की आपल्या स्वभावातले काहीतरी तिला दिसते जे शिबिरातल्या कोणालाही दिसले नाही? तिची समजूत घालण्याआधी हे तिला विचारा आणि उत्तर देण्याची घाई करू नका.

राजीनामा न देताही बरेच काही करता येते. करिंथ येथे पौल स्वतः अक्विला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू तयार करण्याचे काम करीत होता, म्हणजे वेतन कुठून येते यावरून सेवेची योग्यता ठरत नाही. पाळकांच्या संमतीने वर्षभर रुग्णभेटी, अंत्यविधी आणि शोकाकुल कुटुंबांची विचारपूस यांत त्यांच्यासोबत जा. ईश्वरविज्ञानाचा एखादा पत्रद्वारे अभ्यासक्रम सुरू करा. वर्षअखेरीस पत्नी, पाळक आणि मंडळीतील दोन वडीलजन यांच्यासमोर बसून त्यांना काय दिसले ते विचारा. त्यांनीही आपल्याला पुढे जाण्यास सांगितले, तर राजीनाम्याची तारीख ठरवणे सोपे जाईल.

प्रश्न : माझी स्थिती उलटी आहे. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून मंडळीतील अनेक जण मला ‘तू सेवेत ये’ असे वारंवार सांगतात. मला मात्र आजवर कोणतेही दर्शन झालेले नाही.

उत्तर : दर्शन ही अट नाही. ज्या तीमथ्याला पौलाने सोबत घेतले, त्याच्याविषयी त्याच्या भागातील बंधू चांगले बोलत होते, एवढेच आपल्याला सांगितले आहे. त्याला काही विलक्षण अनुभव आल्याची नोंद त्या प्रसंगात नाही. मात्र इतरांचा आग्रह म्हणजेही पाचारण नव्हे. त्या सर्वांना आपल्यात नेमके काय दिसते ते एकेकाला विचारा. ‘तू गातेस छान’ आणि ‘तुझ्याशी बोलल्यावर मी पुन्हा प्रार्थना करू लागलो’ या दोन उत्तरांचे वजन सारखे नाही. दुसऱ्या प्रकारची उत्तरे अधिक आली, तर पदवी पूर्ण करा आणि त्यानंतर ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी अर्ज करण्याविषयी आपल्या पाळकांशी बोला.