रोज ५० किलोमीटर आणि मध्ये घाट: स्प्लेंडर प्लस झेपेल का?

तुम्ही विचारलंय की रोजचं जाणं-येणं पन्नासेक किलोमीटर, वाटेत घाट, आठवड्यातून एक-दोनदा मागे बायको; अशाला स्प्लेंडर प्लस पुरेल की १२५ सीसीची गाडी घ्यावी. मी चिपळूणचा, कुंभार्ली घाटात ही गाडी भरपूर चालवली आहे, म्हणून सांगतो.

एकटे असाल तर डोळे झाकून घ्या. इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद जेमतेम ८ पीएस. कागदावर वाचून हसू येतं. पण गाडीचं वजन ११२ किलो, सीट ७८५ मिलिमीटरवर. पार्किंगमधून उलटी ओढायची असो, चिखलात रुतली असो, एकटा माणूस काढतो. सपाटीला ५०-५५ च्या वेगात चौथ्या गिअरात टाकून द्या, माझ्या हातात लिटरला ६०-६५ पडतं. टाकी ९.८ लिटरची, म्हणजे तुमचा आठवडा आरामात निघेल. सत्तरच्या पुढे मात्र फूटरेस्टला झिणझिण्या येतात. पळवायची गाडीच नाही ती.

खरा प्रश्न डबल सीट घाटाचा. वळणावर वेग पडला की चौथ्यात ओढत नाही, धडधडते. तिसरा टाका, चढ उभा असेल तर सरळ दुसरा, आणि फिरू द्या इंजिनला. टॉर्क (म्हणजे ओढण्याचा जोर) ८.०५ एनएम, तोही ६००० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या), त्यामुळे खालच्या फेऱ्यांत पिकअप मागितला तरी मिळणार नाही. समोर उसाचा ट्रक असेल तर ओव्हरटेकचा विचार सोडा, मागे राहा. उतरताना तिसऱ्यातच ठेवा, न्यूट्रल नको. ब्रेक दोन्हीकडे १३० मिलिमीटरचे ड्रम (डिस्कचं मॉडेलही मिळतं, बघा), सतत दाबून धरले की तापतात आणि पकड सैल होते.

२०२० पासून फ्युएल इंजेक्शन आलंय, त्यामुळे चोकची भानगड संपली. पावसाळ्यात सकाळी एका सेल्फात सुरू होते, शिवाय किक आहेच. सिग्नलला न्यूट्रल केलं की आपोआप बंद पडते, क्लच दाबला की चालू. कोणाला आवडतं, मी त्याचं बटण बंद ठेवतो.

मागे बायको रोजच असती तर मी होंडाची शाइन १२५ सुचवली असती. वजन जवळपास तेवढंच, पण १०.७ पीएस, ११ एनएम आणि पाच गिअर. चढाला फरक लगेच कळतो. आठवड्यातून एक-दोनदासाठी तेवढे जादा पैसे मी घालणार नाही. तरी शोरूमवाल्याला सांगून दोघं बसून एखाद्या चढावर ट्रायल घ्या, सपाट रस्त्यावरची ट्रायल तुमच्या कामाची नाही.