चवदार तळ्याचा धडा

प्रश्न : सातवीला इतिहास शिकवते. महाडचा सत्याग्रह आला की काही मुलं मान खाली घालतात, बाकीची त्यांच्याकडे वळून बघतात. धडा पटकन उरकावा का? — एक शिक्षिका

उत्तर : बाई, उरकू नका. उलट एक तास जास्त द्या. फक्त ‘बिचाऱ्यांना पाणी मिळत नव्हतं’ इथून सुरुवात नको. आधी फळ्यावर सनावळी लिहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा, सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ‘बोले ठराव’ १९२३चा. महाड नगरपालिकेनं ठराव करून चवदार तळं खुलं केलं १९२४ साली. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी प्यायलं ते २० मार्च १९२७ला. तळं सर्वांना खुलं असल्याचा हायकोर्टाचा निकाल तर थेट १९३७चा! मग विचारा : ठराव होता, तर पाणी अडवलं कोणी? आता वर्गाची नजर अडवणाऱ्यांवर जाते. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे हे सवर्ण कार्यकर्तेही बाबासाहेबांसोबत होते, हेही सांगा. इतर मुलांनाही उभं राहायला जागा मिळते.

‘तुमच्याबद्दल तू सांग’ म्हणून कुणाला उभं करू नका. आणि शिष्यवृत्तीच्या याद्या जातीसकट वर्गात मोठ्यानं वाचल्या जात असतील, तर ते आजच थांबवा. मुलांच्या माना तिथूनच खाली जायला लागतात.